स्वमग्न प्रौढ आणि जुने आघात

प्रश्न (परभणी): मी स्वमग्न (ऑटिस्टिक) असून निदान तिशीनंतर झाले. शाळेतला मार आणि घरची बोलणी मनात घर करून आहेत. शेजारी मिक्सर लागला तरी मी घाबरतो आणि दुपारभर तोंडातून शब्द फुटत नाही. हा आघात की स्वमग्नता?

उत्तर (लातूर): दोन्ही एकत्र असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या अधिकृत यादीमध्ये जटिल आघातोत्तर ताणविकार स्वतंत्र नोंदला असून, त्यात प्रसंग पुन्हा अनुभवण्यासोबतच भावना न आवरणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि नाती टिकवणे जड जाणे हेही येते. मिक्सरचा आवाज मात्र स्वमग्नतेमुळे मुळातच असह्य असू शकतो. तिथे ‘सवय होईल’ हा सल्ला मला घातक वाटतो. खुशाल कानात बोळे घाला.

उत्तर (बीड): दादा, लिहून दिलेले चालेल का, हे समुपदेशकांना आधीच विचारा. तातडीने बोलावेसे वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून बोलता येते.