युनो, ईएसपी३२, पिको: स्पीड टेस्टमध्ये नक्की काय मोजताय?

वायफळफाय:
मंडळी, युनो, ईएसपी३२ आणि पिको या तीन मायक्रोकंट्रोलर बोर्डांची गणिताची नि रीडिंगची स्पीड टेस्ट चालवून बघितली, आणि पोरं अजून अर्डुइनो युनोवर प्रोजेक्ट करतात हे बघून कमाल वाटते. १६ मेगाहर्ट्झची ८ बिट चिप, फ्लोटसाठी वेगळं हार्डवेअर नाही, म्हणजे साधा दशांशाचा गुणाकारही क्लॉकच्या शंभरेक सायकली (ठोके) खातो, आणि ओरिजिनल युनोच्या पैशात दोन ईएसपी३२ तरी येतात, दोन कोर, २४० मेगाहर्ट्झ, एफपीयू (दशांश गणिताचं हार्डवेअर), वर वायफाय. ॲनालॉग रीडचं, म्हणजे पिनवरचं व्होल्टेज वाचायचं, तर बोलायलाच नको, युनो एका रीडिंगला शंभरच्या वर मायक्रोसेकंद घेतो, पिकोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) २ मध्ये मोकळा. माझ्या मते युनो शिकवणं बंद करावं. कोणाला पटत नसेल तर कारण द्या, भावना नको.

जुनाटचिप:
घ्या कारण. गणित आणि एडीसी एकाच तराजूत घालताय. युनोवर १६ मेगाहर्ट्झला १२८ ने भागून एडीसीला १२५ किलोहर्ट्झ देतात, एका कन्व्हर्जनला १३ सायकली, झाले १०४ मायक्रोसेकंद. ते १२८ लायब्ररीनं ठरवलंय, चिपनं नाही. रजिस्टरमध्ये (चिपच्या सेटिंगमध्ये) १२८ चं १६ करा, १३ मायक्रोसेकंदात रीडिंग येतं, फक्त शेवटच्या बिटांवर फार भरवसा ठेवायचा नाही कारण डेटाशीट पूर्ण १० बिटसाठी २०० किलोहर्ट्झच्या आत राहा म्हणते. आणि ईएसपी३२चा क्लॉक पंधरापट आहे म्हणून रीडिंग पंधरापट लवकर येतं का? नाही येत, फंक्शनच्या आतच बऱ्याच भानगडी चालतात.

सोल्डरचाधूर:
दोघेही थांबा जरा. असल्या टेस्टचा कोड बघितला की लूपमध्ये रीड आणि लगेच सिरियल प्रिंट (आकडा कॉम्प्युटरला पाठवणं), तेही ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट! एक अक्षर जायला साधारण १ मिलिसेकंद, चार आकडे आणि ओळ संपवायची दोन अक्षरं धरली की ६ मिलिसेकंद, युनोचा ६४ बाइटचा बफर भरला की प्रिंट तिथंच अडून बसतं. हे काय एडीसीचं मोजमाप झालं? उलट गणिताच्या लूपचं उत्तर कुठे वापरलंच नाही तर कंपायलर अख्खा लूप उडवतो आणि लोक दहा लाख गुणाकार ४ मायक्रोसेकंदात झाले म्हणून नाचतात. व्हेरिएबलला व्होलाटाइल लावा म्हणजे कंपायलर ते उडवणार नाही, वेळ शेवटी एकदाच छापा.

वायफळफाय:
मान्य, पण मूळ मुद्दा कुठे गेला? आवाजाचं काही करायचं तर डिफॉल्ट युनोवर सेकंदाला साधारण ९६०० रीडिंग, त्याच्या निम्म्या म्हणजे ४८०० हर्ट्झच्या वरचं पकडताच येत नाही. वेग वाढवलात तरी रॅम २ केबी, १०२४ सॅम्पल प्रत्येकी २ बाइट, संपली रॅम. एफएफटी (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायचं गणित) कुठे करणार, डोक्यात?

शेतातलावायरमन:
आवाज करायचाय कोणाला दादा. माझं काम पंपाचा करंट बघायचं, वायरीभोवती सीटी क्लॅम्प (करंट मोजणारा चिमटा), ५० हर्ट्झ म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंद, तेवढ्यात युनो १८०च्या आसपास रीडिंग घेतो, आरएमएस (एसी करंटची परिणामी किंमत) काढायला ते रग्गड. विहीर आटून मोटार कोरडी चालली की करंट पडतो, तो पडला की रिले (मोटार बंद करणारा स्विच) पाडायचा, संपला विषय. ईएसपी३२ पण लावून बघितलाय, १२ बिट म्हणतात पण तळाला नि वरच्या टोकाला रीडिंग सरळ येत नाही, आणि वायफाय चालू केलं की एडीसी२च्या (त्यातल्या दुसऱ्या एडीसीच्या) पिना गेल्या कामातून.

पिकोवाला:
२ मायक्रोसेकंदांचं कौतुक केलंत म्हणून सांगतो, ते बरोबर आहे, सेकंदाला ५ लाख सॅम्पल. पण पिकोतल्या आरपी२०४० चिपच्या १२ बिटांपैकी कामाचे जेमतेम ९, आणि ५१२, १५३६ अशा चार आकड्यांपाशी एडीसी अडखळतो, ही चिपमधलीच खोड आहे. एफपीयू त्यालाही नाही बरं का, तो पिको २ मध्ये आला, २०२४ला. म्हणजे एडीसीत पहिला आलेला बोर्ड फ्लोटच्या गणितात ईएसपी३२च्या मागे.

जुनाटचिप:
आणि डबलचं (फ्लोटहून जास्त अचूक दशांश संख्येचं) विसरू नका. युनोवर डबल लिहिलं तरी तो ४ बाइटचा फ्लोटच असतो, ईएसपी३२वर खरा ८ बाइटचा, आणि त्याचा एफपीयू डबल करत नाही, ते सॉफ्टवेअरमध्ये होतं. डबल लावून तुलना केलीत तर दोघांना वेगवेगळं काम दिलंत.

वायफळफाय:
बरं, फ्लोट वेगळा, डबल वेगळा, एडीसी वेगळा, तीन टेस्ट परत चालवतो. जिंकणार कोण ते मात्र मला आत्ताच माहितीय 😏

शेतातलावायरमन:
चालवा की. फक्त पिन हवेत सोडू नका, १० किलोओमचं पॉट (फिरवायचा रेझिस्टर) लावा, नाहीतर वेग मोजाल आणि रीडिंग सगळी कचरा.