प्रौढ स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (म्हापसा): आम्ही चार निवृत्त शिक्षक संध्याकाळी विनामूल्य वर्ग घेतो. वर्गात ओडिशा व कर्नाटकातून आलेले हॉटेल-कामगार आहेत, तसेच इंग्लंडला जाऊ पाहणारे काही गोमंतकीयही आहेत. व्याकरणापासून सुरुवात केली, परंतु तिसऱ्या आठवड्यात निम्मे बाक रिकामे झाले. काय चुकले असावे?

उत्तर (फोंडा): प्रथम कोणाला कोणती लिपी वाचता येते, हे विचारून घ्यावे. कन्नड किंवा ओडिया सहज वाचणाऱ्यास रोमन अक्षरे लवकर येतात. मात्र ज्याने शाळाच पाहिलेली नाही, त्याला पेन्सिल धरण्यापासून शिकवावे लागते आणि दोघांना एकाच बाकावर बसवल्यास पहिला कंटाळतो, दुसरा लाजतो. शाळा न पाहिलेल्यांसाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांची पद्धत उपयोगी पडते: सूचना ऐकायची आणि ती कृतीने करून दाखवायची, बोलण्याची सक्ती नाही.

उत्तर (स्विंडन, इंग्लंड; मूळचा डिचोलीचा): येथे गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. आल्या आल्या डॉक्टरकडे नोंदणी, घरभाड्याचा करार आणि कामाच्या पाळीची वेळ बदलून मागणे ही संभाषणे लागतात. तीच आधी शिकवावीत. भाषाज्ञान मोजण्याच्या युरोपीय मोजपट्टीवर ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत, त्यांतील ए१ ही सर्वांत प्राथमिक.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बाक रिकामे होण्यास पर्यटन हंगामातील रात्रपाळ्याही कारण असाव्यात. वेळ सकाळची करून पाहतो.