संदेश वाटेत का रेंगाळतो?
हृदयस्नायूच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतील, तर कर्णिका (हृदयाचे वरचे कप्पे) आणि जवनिका (खालचे कप्पे) एकाच वेळी का आकुंचन पावत नाहीत, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पेशींच्या सांध्यांतील सूक्ष्म मार्गांतून आयन (विद्युतभारित कण) थेट शेजारच्या पेशीत जातात हे खरेच. परंतु कर्णिका व जवनिका यांच्यामध्ये तंतुमय ऊतीचा विद्युतरोधक पडदा असतो आणि निरोगी हृदयात तो ओलांडण्यासाठी आकुंचनाच्या विद्युत संदेशाला एकच वाट उपलब्ध असते. जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी जर्मनीत केलेल्या चिकाटीच्या अभ्यासातून ती १९०६ मध्ये उलगडून दाखवली. या वाटेच्या तोंडाशी असलेल्या गाठीत संदेश सुमारे ०.१ सेकंद रेंगाळतो आणि तेवढ्या अवधीत कर्णिकांना आपले उरलेले रक्त जवनिकांत ढकलता येते. ईसीजीमध्ये, म्हणजे हृदयाच्या विद्युत क्रियेच्या आलेखात, पी लहरीनंतर (कर्णिकांच्या उद्दीपनाची लहर) दिसणारा सपाट भाग मुख्यतः याच विलंबाचा असतो.