सांगितल्यानंतर काय झालं? (अनुभव धागा)

धागा काढताना एकच विनंती. लहानपणी तुमच्यासोबत नेमकं काय घडलं ते इथे लिहू नका. वाचणाऱ्यांत कोण कुठल्या अवस्थेत असेल सांगता येत नाही, आणि असले तपशील चवीने वाचणारेही असतात. मला विचारायचंय ते पुढचं. घरी सांगितलंत का? सांगितल्यावर कोण काय बोललं? नाही सांगितलं, तर कुणाकडे बघून गप्प बसलात?

विषय मुद्दाम सत्संग, मठ, मंडळ, चर्च, मदरसा असल्या ठिकाणांपुरता ठेवलाय. शेजाऱ्याशी बिनसलं तर खिडकी लावून घेता येते. मंडळातल्या माणसाविरुद्ध तोंड उघडलं की वडिलांचा धंदा, दादाची नोकरी, ताईचं स्थळ आणि आजीच्या तेराव्याला येणारी माणसं, सगळंच पणाला लागतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं होतं, आणि बहुतेकांनी तोवर ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. छळणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, भरवशाचे. आकडा मोठा आहे म्हणून मी धागा काढत नाहीये. त्या 'कुणालाही नाही'मध्ये मीही होते.

गावाचं, संस्थेचं, माणसाचं नाव नको. टोपणनाव चालेल.

अबोली

गुरुवारची आरती आमच्याच हॉलमध्ये व्हायची. काका सत्संग केंद्राचे प्रमुख. बाबांना पतपेढीत चिकटवलं ते त्यांनीच. मी सातवीत असताना आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "अजून कुणाला बोललीस?" नाही म्हटलं. "मग नको बोलूस." संपलं.

पण पुढच्या गुरुवारपासून मला आरतीला बसवलं नाही. माझं पोट दुखतंय असं परस्पर जाहीर व्हायचं आणि माझी रवानगी मावशीकडे. म्हणजे आईने माझ्यावर विश्वास ठेवला होता. हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं, आणि त्याने बरं वाटायच्या ऐवजी जास्तच पेटले. कारण विश्वास ठेवूनही दर गुरुवारी त्यांचं पान तीच वाढायची. पहिल्या पंगतीला, वरणभातावर तूप सढळ हाताने. मी आजही भातावर तूप घेत नाही. लोकांना वाटतं डाएट चालू आहे.

माझ्या लग्नात काका अक्षता टाकायला पहिल्या रांगेत होते. आईला विचारलं तर म्हणाली, "नाही बोलावलं तर लोक कारण विचारतील." विचारू देत की, हे मला त्या दिवशी सुचलंच नाही.

जुना टाळकरी

वय चाळिशीपार. पाचवीनंतर मला कीर्तन शिकायला इंद्रायणीकाठी एका महाराजांच्या खासगी वसतिगृहात ठेवलं. पहाटे काकडा, दिवसा शाळा, संध्याकाळी हरिपाठ, मग पखवाज आणि पावल्या. हे सगळं मला मनापासून आवडायचं. आधीच सांगतो, कारण असं लिहिणारे धर्मबुडवेच असतात असा एक समज आहे. रात्री महाराजांचे पाय दाबायच्या पाळ्या लागायच्या. पुढचं धाग्याच्या नियमाप्रमाणे सोडून देतो.

मी पळून घरी आलो. वडिलांनी दुसऱ्या दिवशीच्या एसटीने परत नेलं, सगळ्या पोरांसमोर महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला लावलं आणि पळाल्याची माफी मागायला लावली. वडील वाईट नव्हते. कोरडवाहू शेती, त्यात एक पोरगा कीर्तनकार होतोय म्हणजे घराण्याचा उद्धार. त्यांना मी सांगितलंच नव्हतं. काय सांगणार होतो? असलं पोरींच्या बाबतीत होतं, एवढंच आमच्या गावाला ठाऊक. कायद्याचंही तेच. बलात्काराच्या कलमात मुलगा बसतच नव्हता, उरायचं ते 'अनैसर्गिक संभोगा'चं कलम ३७७. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ मध्ये आला आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद ठेवला नाही. माझ्या दाढीत तेव्हा पांढरे केस यायला लागले होते.

वारी अजून करतो. माउलींशी माझं भांडण नाही.

घाटावरची

मी कुणालाच सांगितलं नाही. त्याआधी मोठ्या बहिणीने मला सांगितलं होतं, तिच्या बाबतीतलं, त्याच माणसाचं. त्यामुळे मला वाटलं, प्रत्येकीचं होत असेल.

वसईकर

मी सांगितलं होतं, आणि तेही चर्चमध्येच. फक्त उलटं सांगितलं. पहिल्या कम्युनियननंतर आम्हां मुलांना नेमाने कुमसार करायला, म्हणजे फादरकडे पापांची कबुली द्यायला, नेत. आई-बाबांना उलट बोललो, भावाला मारलं, मिस्साच्या वेळी हसलो, ही आमची ठरलेली पापं. त्या यादीत मी 'घाण गोष्ट केली' असं घातलं. केली, असं. माझ्यासोबत केली गेली, हे मला म्हणता आलं नाही, कारण करणारा आम्हाला गाणी शिकवणारा होता आणि सगळा गाव त्याला मान द्यायचा. जाळीपलीकडून फादरनी कुणी, कधी, काही विचारलं नाही. प्रायश्चित्त म्हणून नमो मारियाच्या प्रार्थना म्हणायला सांगितल्या. गुडघ्यांवर बसून म्हटल्या आणि खरंच हलकं वाटलं, हे त्यातलं सगळ्यात भयंकर आहे.

२०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी फर्मान काढलं की प्रत्येक धर्मप्रांतात अशा तक्रारी घ्यायची कायमची सोय हवी आणि धर्मगुरूंनी कानावर आलेलं वरिष्ठांना कळवलंच पाहिजे. चांगलं आहे. पण कुमसारातलं गुपित त्यात येत नाही. माझ्यासारखं पोर जाईल ते तिथेच.

स्पष्टवक्ता

शाळेत होत नाही? क्लासमध्ये होत नाही? मग धाग्यात फक्त धार्मिक ठिकाणंच का? चार नासक्या माणसांपायी लाखो भक्तांना बदनाम करायचं, हा अजेंडा आता ओळखू येतो.

(धागाकर्ती)

होतं की. शाळांवर धागा काढा, तिथेही लिहीन. फक्त मास्तरची तक्रार केली म्हणून पाप लागेल असं आजी म्हणत नाही. आणि 'बदनामी' हा शब्द इथे बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेला आहे, तेव्हा तो जरा जपून वापरा.

पारिजात

आमच्याकडे आसारामचा फोटो देवघरात होता. २०१३ मध्ये अटक झाली तेव्हा बाबा म्हणाले, षड्यंत्र. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या कोर्टाने जन्मठेप दिली तेव्हाही षड्यंत्रच. साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले, त्यावर चकार शब्द नाही. माझा स्वतःचा अनुभव आश्रमातला नाही, नात्यातल्या एका साधकाचा आहे. तो घरी सांगायचं मी तोवर टाळत आले होते.

निकालाच्या बातम्यांत एक गोष्ट वाचली आणि तीच घेऊन बाबांसमोर बसले. तक्रार करणाऱ्या मुलीचे वडील स्वतः निस्सीम भक्त होते. मुलीला त्यांनीच विश्वासाने आश्रमाच्या गुरुकुलात घातलं होतं. आणि तिने सांगितल्यावर त्यांनी तिचं ऐकलं. मी बाबांना म्हटलं, तो माणूसही तुमच्यासारखाच होता. मग माझं सांगितलं. बाबा उठून गॅलरीत गेले. तीन-चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर त्या नातेवाइकाचा फोन आला तो त्यांनी माझ्यासमोर कट केला. फोटो मात्र देवघरात आहे. काय समजायचं ते समजा.

बाई

मी शिक्षिका. अनुभव माझ्या वर्गातल्या मुलीचा, म्हणून ओळख पटेल असं काही लिहीत नाही. तिने मला सांगितलं, मी मुख्याध्यापकांना. ते म्हणाले, "आधी मंडळाच्या लोकांना बोलावून बघू." मी पॉक्सोचं कलम १९ दाखवलं: ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, आणि २१ प्रमाणे न कळवणं हाही गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. कायदा दाखवल्यावर माणसं किती पटकन मऊ होतात बघा.

पुढचं लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी आली. जबाब मुलीच्या घरातच झाला, तिच्या आईसमोर. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, ते कळवलं. मुलीचं नाव कुठे छापता येत नाही. कायद्याची बाजू बऱ्यापैकी नीट चालली, मला धक्काच बसला.

बिघडलं ते बाहेर. मंडळाची माणसं घरी आली ती मिठाई घेऊन. "प्रकरण घरातल्या घरात मिटवू." मिटलं नाही तेव्हा त्यांच्या दुकानातली उधारी बंद, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद, मुलीच्या भावाला गणपतीच्या ढोलपथकातून काढलं. कुणी एक अपशब्द काढला नाही. पोलिसांत काय तक्रार करणार, आम्हाला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत? मुलीची आई एकदा मला म्हणाली, "बाई, तुमचं बरं आहे, तुम्ही बदली करून आलात." खटला चालू आहे.

अबोली

बाईंना विचारायचं होतं. माझं प्रकरण १९९८ चं. आता काही होऊ शकतं का, की उगाच आशा लावून घ्यायची?

बाई

पॉक्सो लागणार नाही. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासूनचा, मागच्या घटनांना नाही. त्या वेळचा कायदा, म्हणजे भारतीय दंड संहिता लागेल. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतीची अट नसते, त्यामुळे कुठलं कलम बसतं त्यावर सगळं आहे. ते इथे कुणी सांगू शकणार नाही, मीही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आधार कार्ड घेऊन जा. कुणाला सोबत न्यायचं तर मंडळातलं नको. आत्ता लहान असलेल्या कुणाचं काही कानावर आलं असेल तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, फोनला पैसे पडत नाहीत.

अबोली

काकांच्या घरात आता नात आहे. चौथीत.

बाई

मग आधी १०९८. वकिलाचं नंतर बघू. मेसेज करा, मी आहे.