चाकांवरचं छोटं घर: तयार घ्यावं की स्वतः बांधावं?

धागाकर्ता:
वर्षभर घरात हा एकच विषय चाललाय. आम्हाला ट्रेलरवर बसवलेलं छोटं घर हवंय, कायम राहायला, साडेआठ बाय २४ फूट. मला ते स्वतः बांधायचंय, बायको म्हणते तयार घे. माझं म्हणणं असं की ज्या घरात राहायचं त्याची भिंत आतून कशी आहे, वायर कुठून गेलीये, पाइप कुठे वळलाय हे मला माहीत हवं, कारण वाटेत काही बिघडलं तर मीच निस्तरणार. तयार घरात सगळं पॅनेलच्या मागे झाकलेलं असतं. तुम्ही काय कराल?

सुताराची लेक:
दादा, वहिनींचं ऐका. लहानपणापासून लाकडात हात आहे माझा, तरी सांगते तयार घ्या. लोकांना वाटतं खोली छोटी म्हणजे काम छोटं. हे घर रस्त्यावर ८० च्या स्पीडने जाताना वाऱ्याचा मारा आणि खड्ड्यांचे हादरे एकाच वेळी सोसतं, नुसत्या खिळ्यांवर उभं केलं तर सांधे ढिले पडतात, स्क्रू आणि गोंद दोन्ही लागतात आणि चौकट ट्रेलरच्या लोखंडी फ्रेमला बोल्टने आवळावी लागते. आणि वजन! १८ मिमी प्लायची ८ बाय ४ ची एक शीटच तीस-पस्तीस किलो, २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो. ओटा, बॅटरी, टाकी सगळं मागच्या टोकाला गेलं की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो, ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायलाच हवा. हा हिशोब चुकला तर तुमच्या मागून येणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं.

रंधा:
ताई, वजनाचं पटलं, बाकी नाही. मी तयारच घेतलं होतं. दुसऱ्या हिवाळ्यात माळ्यावरची गादी उचलली तर खालची बाजू ओली आणि फळीवर काळे ठिपके, बुरशीचा वास नाकात बसलेला. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, खाली स्वयंपाकाची वाफ, ती सगळी वर माळ्यावर जाते आणि गादीखालच्या थंड प्लायवर तिचं पाणी होतं. पॅनेल उघडलं तर इन्सुलेशन कोपऱ्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं. बांधणाऱ्याला फोन केला तर म्हणे खिडक्या उघड्या ठेवा. शेवटी मीच गादीखाली पट्ट्या ठोकल्या, एक्झॉस्ट बसवला. स्वतः बांधलं असतं तर तो कोपरा मी असा सोडला नसता.

सुताराची लेक:
वाईट झालं, पण तो त्या बांधणाऱ्याचा दोष आहे, तयार घेण्याचा नाही. भिंती बंद व्हायच्या आधी जाऊन बघायचं, फोटो काढायचे, वजनकाट्याची पावती मागायची. आणि स्वतः बांधलेल्या घराचा इन्शुरन्स काढायला गेलात तर कोणी बांधलं, कोणी तपासलं हे विचारतात, विकतानाही तेच.

निवांत:
तुम्ही दोघं भिंतीवरून भांडताय, पण ते उभं कुठे करणार? बऱ्याच ठिकाणी हे घर कागदावर वाहन असतं आणि त्यात कायमचं राहायला परवानगी नसते. आधी ते विचारा. रुंदीही तशीच, अमेरिकेत साधारण साडेआठ फूट, युरोपात २.५५ मीटर, त्याहून रुंद केलंत तर हलवताना दरवेळी परवाना. स्वतः बांधणार असाल तर निदान वायरिंग आणि गॅस जाणकाराकडून करून घ्या, इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही.

धागाकर्ता:
निवांत, वायरिंग-गॅसचं मान्य, आणि जागेची चौकशी सोमवारीच सुरू करतोय. काल रात्री सामान सरकवून आम्ही जमिनीवर चिकटपट्टीने पूर्ण माप आखलं. भिंतींची जाडी दोन्हीकडून वजा केली तर आत जेमतेम साडेसात फूट उरतात. बायको ओट्याच्या जागी उभी राहिली, समोर कपाटाची पट्टी, आणि मला तिच्या मागून सरळ जाता येईना, आडवं व्हावं लागलं. हे कागदावर कधी दिसलंच नव्हतं. बांधायचं माझं मत अजून बदललेलं नाही, तिचंही नाही. पण आता तीच म्हणतेय की आधी एखाद्या बांधणाऱ्याकडे उघडी भिंत बघून येऊ, रंधा म्हणतात तो कोपरा ती स्वतः हात घालून तपासणार आहे.