जॉनीवर प्रेम करा, पण डॅनियलला गुन्हेगार ठरवू नका

पिवळी_फोर्ड
परवा इथे एकांनी लिहिलं की १९८४ च्या ‘द कराटे किड’ सिनेमाची पुढची गोष्ट सांगणाऱ्या ‘कोब्रा काय’ मालिकेने तो सिनेमाच उघडा पाडला. सिनेमाचा नायक डॅनियल लारूसोच खरा गुंड, त्याने प्रतिस्पर्धी जॉनीची मैत्रीण पळवली आणि अंतिम लढतीत नियमात न बसणारी लाथ मारून कराटे स्पर्धेचा करंडक घेतला, असं त्यांचं म्हणणं. खाली वाहवाच वाहवा. दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मालिका मलाही प्रिय आहे. २०२० ला नेटफ्लिक्सवर आली तेव्हा पहिले दोन सीझन सलग पाहिले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली तेव्हा रडले. विल्यम झॅब्काने पन्नाशीतला जॉनी असा उभा केलाय की त्याच्या लॉस एंजेलिसमधल्या रिसिडा भागातल्या खोलीतला शिळा वास आपल्याला येतो. पण जॉनीची बाजू ऐकणं वेगळं आणि ती खरी मानणं वेगळं. तो आपल्या शिष्याला, मिगेलला, जुनी गोष्ट सांगतो ती चौतीस वर्षं मनात घोळवलेली, स्वतःला सोयीची अशी गोष्ट आहे. मूळ सिनेमात त्या मैत्रिणीने, म्हणजे अ‍ॅलीने त्याला आधीच सोडलंय. किनाऱ्यावर तिचा रेडिओ तो फोडतो, डॅनियल मध्ये पडतो आणि मार खातो. हॅलोविनच्या रात्री सांगाड्याचे कपडे घातलेली पाच पोरं एकट्याला कुंपणापाशी गाठून तुडवतात. पाच! पुढे डॅनियलचा गुरू होणारा मियागी कुंपणावरून उडी मारून आला नसता तर?

सगळ्यात जास्त चीड कशाची, तर या वादात मियागी कुणाला आठवतच नाही.

रिसिडाचा_पोरगा
ती पोस्ट माझीच. मागे घेणार नाही.
पाच जण मारायला का आले ते तुम्ही खुबीने गाळलंत. जॉनी संडासात गुपचूप बसला होता, त्याच्या डोक्यावर डॅनियलने पाइपने पाणी सोडलं. वाद मिटत आला होता, पुन्हा काडी कुणी घातली? आणि मोठेपणी बघा. डॅनियलकडे गाड्यांची शोरूम, डोंगरावर घर, प्रत्येक गाडीमागे एक बोन्साय. जॉनी लोकांच्या घरी टीव्ही टांगतोय. बापाविना वाढलेल्या, सावत्र बापाने हिणवलेल्या पोराला क्रीससारखा क्रूर कराटे-शिक्षक भेटला यात त्याचा काय दोष?
आणि लाथ नियमबाह्यच होती. थेट तोंडावर.

काळा_पट्टा_नाही
लाथेबद्दल बोलू द्या, अकरा वर्षं गोजू-र्यू ही कराटेची शैली शिकलोय. (मियागी हे आडनावही गोजू-र्यूचे संस्थापक चोजुन मियागी यांच्यावरून घेतलंय. पटकथाकार रॉबर्ट मार्क केमन स्वतः तीच शैली शिकलेला.)
स्पर्धेला जाताना अ‍ॅली डॅनियलला नियम सांगते तो प्रसंग पुन्हा बघा. कमरेच्या वर कुठेही लागलं तर गुण, त्यात डोकंही आलं. अंतिम लढतीत दोन-दोन अशी बरोबरी असते. म्हणजे ‘त्या’ स्पर्धेत लाथ वैध.
आजच्या नियमांत मात्र अडचण आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ७५ किलोवरच्या गटाचा अंतिम सामना आठवा, ऑगस्ट २०२१. सौदीचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याकडे गेली, गंजजादेह बेशुद्ध. पंचांनी हमेदीला बाद केलं, कारण वारावर ताबा नव्हता. स्ट्रेचरवरून गेलेल्या माणसाला सुवर्ण मिळालं. डॅनियल टोकियोत असता तर बाद झाला असता.

रिसिडाचा_पोरगा
झालं तर मग! तुम्हीच माझी बाजू सिद्ध केलीत.

काळा_पट्टा_नाही
नाही केली. २०२१ चा नियम १९८४ च्या पडद्यावर लावायचा नसतो. आणि गुडघ्यावरची लाथ तेव्हाही चालत नव्हती आणि आजही चालत नाही. उपांत्य फेरीत क्रीसने जॉनीच्या साथीदाराला, बॉबीला, पाठवलं ते डॅनियलचा गुडघा मोडायलाच. बॉबी बाद झाला. अंतिम लढतीत जॉनीने त्याच दुखऱ्या पायावर कोपर घातलं. त्यावर तुमचा एक शब्द नाही.

व्हॅलीतली_मावशी
ही गोष्ट घडते त्या सॅन फर्नांडो व्हॅलीत मी सहा वर्षं होते. एन्सिनोच्या टेकडीवरची घरं आणि रिसिडातल्या दुमजली चाळवजा इमारती यांत गाडीने काही मिनिटांचं अंतर, पण माणसं एकमेकांत मिसळत नाहीत. १९८४ मध्ये रिसिडाच्या बाजूला राहत होता तो डॅनियल, आणि वरच्या बाजूचा होता जॉनी, हे विसरू नका. मालिकेने बाजू बदलल्या, तिथेच तिची ताकद आहे.

आता विषय सोडून थोडं. कराटेचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. भारतात परतल्यावर मुलाला कॉलनीतल्या क्लासला घातलं. दर तीन-चार महिन्यांनी नवा पट्टा. पिवळा, केशरी, हिरवा, निळा. परीक्षेची फी वेगळी, प्रमाणपत्राची वेगळी, गणवेश त्यांच्याकडूनच घ्यायचा. दीड वर्षात पोरगं जांभळ्या पट्ट्यावर, आणि पडायचं कसं ते येत नाही! शाळेत एकाने ढकललं, मनगट मोडून घेऊन आलं. मियागीने डॅनियलला असे फी घेऊन पट्टे वाटले नव्हते.

पिवळी_फोर्ड
मावशी, पट्ट्यांचा वेगळा धागा काढा ना, मीही येईन. इथे मियागीवर बोलायचंय.

व्हॅलीतली_मावशी
मुद्दा तोच आहे गं. मियागी डॅनियलला काय शिकवतो? कुंपण रंगव, फरशी घास, गाडी पुस. यातून हात तयार होतो. आमच्याकडे पैसे मोजले की पट्टा कमरेला.

काळा_पट्टा_नाही
मावशी, सगळे क्लास तसे नसतात. माझ्या सरांनी सहा महिने नुसतं उभं राहायला शिकवलं. फीच्या पैशातून दोन गरीब पोरांचे गणवेश घेतले होते त्यांनी.
पण त्यांच्या आधीचे एक सर होते, त्यांचं नाव घेत नाही. मी चौदा वर्षांचा. जिल्हास्तरावरची लढत, समोरच्या मुलाचा घोटा आदल्या फेरीत मुरगळलेला, पांढरी पट्टी दिसत होती. सर चटईच्या कडेला वाकून हळूच म्हणाले, “पट्टी दिसते ना?” एवढंच. मी मारलं. दोनदा. तो खाली बसला आणि माझ्याकडे न बघता आपली पट्टी नीट करायला लागला. मी जिंकलो. बॉबी निदान तिथल्या तिथे माफी मागतो. मी मागितली नाही, तेवीस वर्षं झाली.
म्हणून मला क्रीसची कणव येत नाही. पुढे मालिकेने त्याला व्हिएतनामचं युद्ध दिलं, आईचं दुःख दिलं, पश्चात्ताप दिला. नाही येत.

रिसिडाचा_पोरगा
हे वाचून जरा गप्प झालो.
पण मग जॉनीकडे याच डोळ्यांनी बघा ना! तुम्ही चौदाचे होतात, तो सतरा-अठराचा. दुसऱ्या सिनेमाच्या सुरुवातीला, हरला म्हणून क्रीस पार्किंगमध्ये जॉनीचा उपविजेत्याचा करंडक मोडतो आणि त्याचा गळा आवळतो. त्याआधी त्याच जॉनीने स्वतःच्या हाताने विजेत्याचा करंडक डॅनियलला दिलेला असतो. ते पोर वाईट नव्हतं. माझे वडीलही लवकर गेले, मलाही एक ‘क्रीस’ भेटला होता, म्हणून मी भांडतो.

पिवळी_फोर्ड
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी हा धागा काढलाच नसता. जॉनी वाईट नव्हता, मान्य. चांगला होऊ पाहणारं पोर चुकीच्या माणसाच्या हाती लागलं. तसंच एक पोर योग्य माणसाच्या हाती लागलं, आणि तो माणूस कोण होता?

मियागी दारू पिऊन, जुना लष्करी गणवेश घालून बसतो तो प्रसंग. दुसऱ्या महायुद्धात तो युरोपात जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमधून अमेरिकेसाठी लढत होता आणि त्याची बायको बाळंतपणात बाळासकट गेली, त्याच अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना डांबलेल्या मॅन्झनारच्या छावणीत. १९४२ पासून सुमारे १,२०,००० माणसांना असं उचललं होतं. मियागीचं काम करणारा पॅट मोरिता स्वतः त्यांतला. लहानपणीची वर्षं मणक्याच्या क्षयाने रुग्णालयात गेली, चालता यायला लागला तसा थेट ॲरिझोनातल्या छावणीत रवाना. सिनेमात मियागी रडतो तेव्हा डॅनियल त्याला अंथरुणावर झोपवतो, पांघरूण घालतो, पदक बघतो आणि वाकून नमस्कार करतो. ज्याला तुम्ही गुंड म्हणता तो हा मुलगा.

शेवटच्या सीझनमध्ये संगणकाने बनवलेला मियागी स्वप्नात आणला तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. मोरिता २००५ ला गेला. त्याच्या चेहऱ्याला हात लावायला नको होता.

व्हॅलीतली_मावशी
यावर शंभर टक्के सहमत. पट्ट्यांचा धागा उद्या काढते.

रिसिडाचा_पोरगा
अ‍ॅलीचा प्रसंग आत्ता पुन्हा बघितला. डोक्यावर मारलेलं चालतं असं ती म्हणते खरी. बरं, लाथ वैध. ‘गुंड’ हा शब्दही मागे घेतो. पाइपचं मात्र मागे घेत नाही.

पिवळी_फोर्ड
पाइप मीही माफ केलेला नाही.