‘कोर्ट’: अंधार झाल्यावरही सिनेमा संपत का नाही?

बोळातली:

परवा अखेर ‘कोर्ट’ बघितला, चैतन्य ताम्हाणेचा. एप्रिल २०१५ मध्ये थिएटरला लागला तेव्हा घरात सासऱ्यांचं आजारपण होतं, राहून गेला. व्हेनिसची बक्षिसं, राष्ट्रीय पुरस्कार, भारताकडून ऑस्करला, एवढं कौतुक कानावर आलं की नंतर बघायची भीतीच बसली. जेवणं आटोपून बसलो तिघं. मी, सासूबाई (वय ७९, वाती वळत) आणि आर्किटेक्चर शिकणारा भाचा. त्याने तो आधी दोनदा पाहिलाय, आणि हे तो दर दहा मिनिटांनी सांगत होता.

ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथेच थांबा, शेवट सांगतेय.

मॅनहोलमध्ये उतरणारा एक कामगार मेला. शाहीर नारायण कांबळेंचं गाणं ऐकून त्याने जीव दिला असा आरोप, कलम ३०६. मग तारखाच तारखा. शेवटाकडे शाहिराला पुन्हा अटक होते. न्यायाधीश जामीन नाकारतात, आता कोर्टाला सुट्टी, हायकोर्टात जा म्हणतात. माणसं उठून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा. काळाच राहतो. मला वाटलं आमचीच वीज गेली, मी इन्व्हर्टरकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, “संपला. त्या बिचाऱ्याचं काय झालं ते सांगितलंच नाही मेल्यांनी,” आणि दाराला कडी घालायला गेल्या. परत येतात तर पडद्यावर सहल! न्यायाधीश आणि गोतावळा रिसॉर्टवर. “हा दुसरा लागला का गं?”

माझा प्रश्न तोच आहे. अंधारात संपवला असता तर काय बिघडलं असतं? इतका नेमका शेवट हातात असताना रिसॉर्ट, पगाराच्या गप्पा, बाकावरची डुलकी आणि पोराला थोबाडीत, हे शेपूट कशाला? भाचा म्हणतो, “मामी, ते मुद्दाम आहे.” मीठ मुद्दाम जास्त घातलं म्हणून आमटी कमी खारट लागत नाही.

आणि कॅमेरा इतका लांब का? कांबळेंचा चेहरा जवळून बघायला मी तरसले. कांबळे झालेल्या वीरा साथीदार यांचे ते डोळे, आणि आपण आपले मागच्या भिंतीला टेकून.

कात्री:

ताई, मी एडिटर आहे. पोटापाण्याला लग्नाचे व्हिडिओ, हौसेला शॉर्टफिल्म. २०१५ मध्ये कोथरूडच्या सिटी प्राइडला पाहिला होता. तो अंधार आला तेव्हा आमच्या रांगेतले चौघं उठले, एकाने तर पॉपकॉर्नचा रिकामा डबा घेऊन पायऱ्या उतरायला सुरुवात केली. मग सहल सुरू झाली तसे अर्धवट वाकून परत बसले. ते वाकून बसणं मला अजून आठवतं.

तुम्ही म्हणता तो शेवट खरंच नेमका आहे. म्हणूनच तिथे संपवला नसावा, असं माझं मत. अंधारात संपला असता तर आपण गदगदून बाहेर पडलो असतो, पार्किंगमध्ये “काय भयानक व्यवस्था आहे” म्हणालो असतो आणि वैशालीत डोसा खाल्ला असता. एकदा रडून घेतलं की हिशोब चुकता होतो. तो चुकता करू देत नाही.

शॉट लांबवणं तर सिनेमाभर चालू आहे. काम संपलं की मी दोन सेकंदांत कापतो, क्लायंटला तेच हवं असतं. इथे माणूस फ्रेममधून निघून जातो तरी फ्रेम तशीच राहते. आपण शेवटी आजूबाजूची माणसं बघायला लागतो.

निवृत्त बेंच क्लार्क:

मी सिनेमातला जाणकार नाही. न्यायालयात ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी साहेबांच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या, डायसखाली बसून. मुलीने आग्रहाने दाखवला. पहिल्या वीस मिनिटांत मी तिला म्हणालो, हे काय बघायचं, हे तर मी सोडून आलो.

कॅमेऱ्याबद्दल. ताई, तुम्ही कधी कोर्टात गेला असाल तर आठवा, तुम्हाला कुठे बसवलं होतं? मागच्या बाकावर. आपलं मॅटर पुकारेपर्यंत लोक तिथून जेवढं दिसेल तेवढं बघतात. पुढे वकिलांच्या पाठी, साहेब काय बोलले ते अर्धं ऐकू येतं, साक्ष इंग्रजीत डिक्टेट होते, आणि ज्याचा जीव टांगलेला असतो तो शेजाऱ्याला विचारतो, “काय झालं?” शेजारी म्हणतो, “तारीख पडली.” बहुतेक वेळ कॅमेरा मला त्या बाकावर बसलेला वाटला. आरोपीचा चेहरा तिथून दिसत नाहीच. आईलासुद्धा दिसत नाही.

आता शेवट. रिसॉर्टवर साहेब एका नातेवाइकाला सल्ला देतात, आठवतं? मूल बोलत नाही. तर नावाचे आकडे बघा, खड्याची अंगठी घाला. लोक त्या जागी हसतात म्हणे. मला हसू आलं नाही, कारण तो आवाज मी ओळखला. डायसवरून बोलतात तोच. बिनबाह्यांचे कपडे घातलेल्या बाईंचं प्रकरण आज घेणार नाही म्हणतानाचा. उलट बोलणारं कोणी नसलं की माणसाच्या घशात तो आवाज तयार होतो. कोर्टात उलट बोलता येत नाही, आणि सहलीतही कोणी बोलत नाही. अंधारात सिनेमा संपला असता तर आपण म्हटलं असतं, खुर्चीचा दोष. पुढे नेला म्हणून कळतं, की खुर्ची घरी ठेवून आले तरी आवाज बरोबर आला.

एक खोटही काढतो, सवय आहे. सुट्टी म्हणजे सगळं कुलूपबंद नसतं, तातडीच्या कामाला कोणीतरी नेमलेलं असतं. पण जामीन आधीच नाकारलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारा, त्यांना कुलूपच दिसतं.

ते दिवे मालवणं मी शेकडो वेळा बघितलंय. पट्टेवाला आधी पंखे बंद करतो. एका मे महिन्यात, सुट्टीच्या आदल्या दिवशी, मी फायली बांधत होतो तेव्हा एक म्हातारी दाराशी आली. मुलगा आत होता. “साहेब परत कधी बसणार?” म्हटलं, जूनमध्ये. ती म्हणाली, “मग तोवर त्याने काय करायचं?” मी म्हटलं, वकिलांना भेटा. त्या उन्हाळ्यात आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. मजा आली, खोटं कशाला बोलू.

लोणावळा लोकल:

काकांचं वाचून गप्प बसावंसं वाटत होतं, पण सरकारी वकील बाईंबद्दल कोणीच बोलत नाहीये. गीतांजली कुलकर्णी! कायद्याची कलमं एका पट्टीत, श्वास न घेता वाचून दाखवते, आणि मग लोकल, पोराला घ्यायचं, स्वयंपाक, टीव्ही. ट्रेनमध्ये ऑलिव्ह ऑइल महाग यावर गप्पा. मी रोज शिवाजीनगरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये हेच बोलते, फक्त तेल शेंगदाण्याचं. दिवसा तिने त्या शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून सांगितलेलं असतं, आणि संध्याकाळी मला तिची पिशवी धरावीशी वाटते. इतकं अस्वस्थ मला शेवटाने केलं नाही.

तक्रार मात्र आहे. ती आणि तिचं घर नाटकाला जातं, आणि नाटक कुठलं, तर परप्रांतीयांना हाकलणारं. मराठी मध्यमवर्ग म्हणजे हेच का? बचावाच्या वकिलाला मात्र गाडीत जॅझ, सुपरमार्केटमधलं चीज. इथे दिग्दर्शकाने बोट दाखवलंय असं मला वाटलं.

कात्री:

दाखवलंय, पण दोघांकडे. तोंडाला काळं फासल्यावर तो वकील पुढे कुठे दिसतो? पार्लरमध्ये, फेशियल करून घेताना. काळं धुवायचीसुद्धा ऐपत लागते. विवेक गोम्बर त्या वकिलाचं काम करतो आणि सिनेमाचा निर्माताही तोच, म्हणजे स्वतःच्या पैशाने स्वतःला सोडलेलं नाही.

लोणावळा लोकल:

पार्लर मान्य. नाटकाचं नाही.

बोळातली:

काल दुपारी शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा लावली. भाचा कॉलेजात, त्यामुळे शांतता. या वेळी अंधारात इन्व्हर्टरकडे बघितलं नाही, कान दिला. आणि रिसॉर्टवर अंगठीचा सल्ला आला तेव्हा काकांनी सांगितलेला आवाज खरंच ऐकू आला. आमच्याकडे हा आवाज सासरे काढायचे, देव त्यांना शांती देवो.

शेपूट म्हटलं होतं, तो शब्द मागे घेते. आमटी खारट आहे हे मत कायम आहे. पोरं ओरडून न्यायाधीशाला जागं करतात, तो एकाला मारतो आणि पुन्हा डोळे मिटतो, यात थोडा दिग्दर्शकाचा हात दिसतोच. झोपलेला न्याय वगैरे. तेवढं त्याने आमच्यावर सोडलं असतं तर चाललं असतं. सासूबाईंना थोबाडीत पटली, “झोपेतून उठवल्यावर मीही दिली असती.”

बेंच क्लार्क काका, एक विचारू का? त्या म्हातारीच्या मुलाचं पुढे काय झालं?

निवृत्त बेंच क्लार्क:

माहीत नाही ताई. जूनमध्ये मला दुसऱ्या कोर्टाचं काम दिलं.